मुक्याचे दुखणे ओळखावे कसे?

मालवणच्या बाजारपेठेतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. खाली पेढी, वर घर, आणि या दोहोंमधल्या जिन्यावर गेली अकरा वर्षे सत्ता गाजवणारा त्यांचा लॅब्रेडोर. मागच्या दिवाळीपर्यंत तो दिवसातून दहा वेळा वर-खाली करीत असे. आता सकाळी कसाबसा उतरतो आणि दिवसभर गल्ल्याशेजारी पडून राहतो. रात्री मात्र त्याला झोप नाही. माजघरातून पडवीत, पडवीतून पुन्हा आत, अशी त्याची येरझार चालते. सासरे म्हणतात, वय झाले त्याचे. मुलगा म्हणतो, दुखत असते तर ओरडला नसता का? या दोघांपैकी कोणाचे म्हणणे खरे, असा पत्राचा प्रश्न आहे.

दोघांचेही नाही, असे उत्तर द्यावे लागते. म्हातारपण हा काही रोग नव्हे. म्हाताऱ्या सांध्यांत जी झीज होते ती रोग आहे आणि तो दुखतो. ओरडण्याविषयी सांगायचे तर, दारात शेपटी चेंगरली म्हणजे कुत्रा किंचाळतो, पण महिनोन्‌महिने मुरलेल्या दुखण्यात तो बहुधा गप्पच असतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचेही असेच नाही का? ठेच लागली की ‘आई गं’ निघते, पण गुडघेदुखी निमूट सोसली जाते. फक्त देवदर्शनाला जाणे कमी होते आणि खाली बसणे टाळले जाते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारून घेतली. तीत हे स्पष्ट नोंदवले आहे की, सांगता न येणे हा वेदना नसल्याचा पुरावा होत नाही, मग तो माणूस असो की प्राणी.

तेव्हा कान देण्यापेक्षा डोळे उघडे ठेवणे अधिक उपयोगाचे. काय पाहावे, ते जरा सविस्तर सांगतो.

कुत्रा झोपेतून उठतो कसा, हे सर्वांत आधी पाहावे. सांधे दुखत असतील तर तो पुढचे दोन पाय रोवून मागचा भाग ओढल्यासारखा वर घेतो, पहिली आठ-दहा पावले आखडलेली टाकतो आणि मग जरा मोकळा होतो. त्या मोकळ्या चालीकडे पाहून घरचे समाधान मानतात, पण खरी खूण त्या पहिल्या पावलांतच असते. मागच्या दोन्ही मांड्यांवरून हात फिरवावा. एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागली तर त्या पायावर भार देणे त्याने केव्हाच सोडलेले असते. जांभ्याच्या पायऱ्यांपाशी तो थबकतो का, गाडीत उडी मारण्यापूर्वी दोनदा विचार करतो का, लघवीला पाय वर करायचे त्याने सोडून दिले आहे का, नखे एकाच बाजूने झिजली आहेत का, हेही पाहावे. मनगट किंवा ढोपर सतत चाटल्यामुळे फिकट केसांवर लालसर तांबूस डाग पडतो. त्या डागाखाली पुष्कळदा दुखरा सांधा असतो.

दुसरी खूण रात्रीची. हवा थंड असताना, धावपळ काही केलेली नसताना जो कुत्रा धापा टाकतो, दर अर्ध्या तासाने जागा बदलतो, त्याला कोणत्याच कुशीवर चैन पडत नसते. पत्रातील येरझार मला याच जातीची वाटते.

तिसरी खूण स्वभावाची आहे आणि तिचाच सर्वांत अधिक विपर्यास होतो. आजवर नातवंडांना पाठीवर घेणारा कुत्रा एके दिवशी मूल जवळ येताच गुरगुरतो. घरात लगेच निकाल लागतो: बिघडला, आता बांधून ठेवा. पण मुलाने कमरेवर हात ठेवला आणि कमर दुखत होती, एवढाच त्या गुरगुरण्याचा अर्थ असू शकतो. स्वभाव अचानक पालटला तर शिक्षेपूर्वी तपासणी झाली पाहिजे, हा नियम मी तरी कडक मानतो.

दातांचे दुखणे तर फारच फसवे. दाढ किडली तरी कुत्रा जेवण सोडत नाही. एका बाजूने चावतो, घास खाली पाडतो, लाळ गाळतो, आणि ‘खातो आहे ना, मग ठीक आहे’ म्हणून आपण निश्चिंत राहतो. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत लोंबत्या कानांच्या जातींचे कान चातुर्मासात हमखास बिघडतात. डोके झटकणे, कान जमिनीला घासणे आणि कानाशी हात जाताच मान चुकवणे ही त्याची लक्षणे. कानाचे दुखणे माणसाला जसे रडवते, तसेच त्यालाही.

काही दुखणी मात्र उद्यावर टाकण्याची नसतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेल्या तुपाच्या पुऱ्या आणि मिठाया पोटात असताना, कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो, मागचा भाग उंच ठेवतो आणि वारंवार ओकतो. एखादा कौतुकाने म्हणेल, पाहा, नमस्कार करतो आहे. तो नमस्कार नव्हे. स्वादुपिंडाला सूज आल्यावर होणाऱ्या पोटदुखीत कुत्रे असा आकार घेतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, उमासे येऊनही काही बाहेर पडत नाही असे दिसले, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेथे तासही मोजायचे नसतात.

समुद्राकाठच्या घरांसाठी आणखी थोडे. रापण ओढली जाते तेथे कुत्री जमतात, आणि वाळूत पडलेला गळ किंवा शिंगाळ्याचा काटा पायात, ओठात, कधी घशात रुततो. गळाला उलटा काटा असतो. ओढून काढू नये. तोंडातून दोरी लोंबत असेल तर ती तर मुळीच ओढू नये, कारण दुसऱ्या टोकाला आतडे असू शकते. कातळावर आणि गवतात फुरसे असते. पाय किंवा थोबाड अचानक सुजले, जखमेतून रक्त थांबेना, तर कुत्र्याला चालवत न नेता उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवरचे जे प्रतिविष माणसांना देतात तेच कुत्र्यांनाही देतात. पावसाळ्यात आणखी दोन आजार सांधेदुखीचा वेष घेऊन येतात. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रा आज एका पायाने तर उद्या दुसऱ्या पायाने लंगडतो. साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो, जो या जिल्ह्यातील माणसांनाही परका नाही, त्यात सगळे अंगच इतके ठणकते की कुत्रा उठायला तयार होत नाही. डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर संशय पक्का समजावा आणि हाताळताना हातमोजे घालावेत, कारण तो आपल्यालाही होऊ शकतो. लेप्टोची लस मिळते. गोचीड काढण्याविषयी आपल्या काही घरांत संकोच असतो, तो मी समजू शकतो. म्हणूनच फिरून आल्यावर रोज कंगवा फिरवून, चिकटण्यापूर्वीच तो अंगावरून दूर करणे आणि गोणपाटाच्या ओल्या बैठकी वेळीच बदलणे या घरांना विशेष जपावे लागते. एकदा ताप आला की मग औषधांना पर्याय राहत नाही.

हे सारे डॉक्टरांपुढे मांडायचे कसे? दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेला कुत्रा लंगडणेही विसरतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही आपल्या हातचे. एक, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण: सकाळी उठतानाचे, जिना चढतानाचे, रात्रीच्या येरझारीचे. दुसरा उपाय व्यापारी घरांना सांगायचीही गरज नसावी. ज्या घरात रोजमेळ रोजच्या रोज लिहिला जातो, तेथे त्याच वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी कुत्र्याच्या लिहाव्यात: जिना किती वेळा चढला, जेवला का, रात्री किती वेळा उठला, औषध किती वाजता दिले. पंधरा दिवसांनी मागे वळून पाहिले म्हणजे दुखणे चढते आहे की उतरते आहे हे आकडेच सांगतात. ‘मला वाटते बरे आहे’ यापेक्षा ही दोन पाने डॉक्टरांना शतपटीने उपयोगी पडतात.

वेदना मोजण्याचे शास्त्रही याच वाटेने गेले आहे. ग्लासगो विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००१ साली कुत्र्यांच्या वेदनेचे एक मोजमाप प्रसिद्ध केले. आज दवाखान्यांत वापरतात त्या त्याच्या छोट्या आवृत्तीत सहा मथळ्यांखाली कुत्र्याचे आवाज, जखमेकडे लक्ष, चालणे, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद, मनःस्थिती आणि अंगस्थिती यांना गुण देतात. एकूण गुण २४. सहा किंवा अधिक भरले तर वेदनाशामक द्यावे. हे मोजमाप शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेसाठी आहे, जुन्या सांधेदुखीसाठी नव्हे. पण नसबंदीची किंवा अन्य कोणतीही शस्त्रक्रिया झाली की ‘घरी गेल्यावर दुखण्यासाठी काय द्यायचे?’ हे संकोच न करता विचारावे. तो प्रश्न विचारला नाही म्हणून वेदना सहन करणारे कुत्रे थोडे नसतात.

आता त्या डब्याविषयी, जो प्रत्येक घराच्या फडताळात असतो. पत्रात ओझरता उल्लेख आहे की मुलाने एकदा सासऱ्यांच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी कुत्र्याला दिली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण माणसाची वेदनाशामके कुत्र्याला देणे हा मुक्या जीवावर प्रयोग आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलची मात्रा अधिक झाली तर यकृत आणि रक्तपेशी बिघडतात, आणि घरात मांजर असेल तर तिला पॅरासिटामॉलचा लहानसा तुकडाही प्राणघातक ठरतो. कमरेला चोळलेला बाम किंवा वेदनाशामक मलम चाटून पोटात जाते, तेव्हा बाहेरून लावले म्हणून निर्धास्त राहू नये.

हिशेब करून पाहा. मेलॉक्सिकॅम हे औषध माणसे घेतात आणि पशुवैद्य कुत्र्यांनाही देतात. माणसाची गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. तीस किलो वजनाच्या कुत्र्याची नेहमीची दिवसाची मात्रा सुमारे ३ मिलिग्रॅम. म्हणजे नाव तेच असले तरी एका गोळीत पाच दिवसांचे औषध! म्हणून कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यानेच लिहून द्यायचे. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधे दीर्घकाळ द्यायची असतील तर आधी आणि मग ठरावीक काळाने मूत्रपिंड व यकृत यांच्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात, गोळी अन्नाबरोबर द्यावी, आणि उलटी, काळी विष्ठा किंवा अन्नावरची वासना उडणे दिसताच ती थांबवून फोन करावा. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही दोन औषधे एकत्र आली की जठराला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येते.

(डायक्लोफेनॅकचा विषय निघाला म्हणून सांगतो. गुरांना दिलेल्या याच औषधाने भारतीय उपखंडातील गिधाडे जवळजवळ नामशेष केली. मेलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. २००४ साली हे कारण सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर भारतात बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले.)

औषधाहून स्वस्त आणि कित्येकदा अधिक गुणकारी अशी गोष्ट म्हणजे वजन. पेढीवरचा कुत्रा हे एक विशेष प्रकरण असते. प्रत्येक गिऱ्हाईक एक बिस्किट देते, प्रत्येक गडी आपल्या चहातले एक बुडवून देतो, आणि संध्याकाळी घरचे जेवण ठरलेलेच. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर पिल्लांच्या जोड्या लावून चौदा वर्षे एक अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न देण्यात आले. कमी खाणारे कुत्रे सुमारे दोन वर्षे अधिक जगले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीचे कायमचे औषध लागण्याची वेळ जास्त खाणाऱ्यांत १०.३ वर्षांच्या वयाला आली, तर कमी खाणाऱ्यांत १३.३ व्या वर्षी. ऊनोदरीचे महत्त्व आपल्या वाचकांना मी काय सांगावे! गल्ल्यावर एक पाटी लावावी, ‘कृपया कुत्र्यास बिस्किट देऊ नये’, आणि ती घरच्यांनीही वाचावी.

घरातही थोडे फेरफार करावेत. गुळगुळीत फरशीवर दुखऱ्या पायांचा कुत्रा प्रत्येक पावलाला घसरण्याच्या धास्तीत असतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर काथ्याच्या चटया अंथरल्या तर चाल त्याच दिवशी सुधारलेली दिसते. काथ्या तर आपल्या कोकणातलाच. जिन्याच्या तोंडाशी छोटे फाटक लावावे, जेवणाचे भांडे वीतभर उंच ठेवावे, पावसाळ्यात थंड ओल्या फरशीऐवजी जाड कोरडी गादी द्यावी. ताज्या मारावर थंड आणि जुन्या आखडलेल्या सांध्यावर कोमट शेक, आपल्या मनगटाला सोसेल इतकाच. एक लांब फेरी मारण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या बऱ्या, आणि त्याही भुसभुशीत वाळूत नव्हे, ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर. पावसाळा सरून समुद्र निवळल्यावर चिवल्यासारख्या शांत किनाऱ्यावर छातीभर पाण्यात पोहणे हा दुखऱ्या सांध्यांना फार चांगला व्यायाम आहे, कारण पाणी भार उचलते. नंतर गोड्या पाण्याने धुवायला विसरू नये.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्या यांविषयी मला पुष्कळ विचारणा होते. ग्लुकोसामीन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून आणि काँड्रॉइटीन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात, हे डब्यावर ठळक लिहिलेले नसते. आणि त्यांच्या उपयोगाचा पुरावाही अगदी तोकडा आहे. तेव्हा ते वर्ज्य करणाऱ्या घराने आपण कुत्र्याला काही नाकारतो आहोत अशी रुखरुख बाळगू नये. ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा पुरावा त्यापेक्षा बरा आहे. तो सहसा मासळीच्या तेलातून घेतात, परंतु शैवालापासून काढलेले तेलही मिळते. तेल शैवालाचे असले तरी कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, एवढे वाचून घ्यावे.

जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण क्ष-किरण किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांना गोवा किंवा कोल्हापूर गाठावे लागते, आणि भर पावसात घाट बंद असला तर तेही होत नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांचा रात्रीचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा. १९६२ हा शासनाचा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक मुख्यतः गुरांसाठी असला, तरी अडचणीत सल्ला विचारायला हरकत नाही.

शेवटचा प्रश्न पत्रात नाही, पण अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या घरात तो कधीतरी येणारच. १८३२ सालच्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर व्यापारी समाजांनी साथ दिली आणि बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जीव वाचवण्याची ही परंपरा आपल्याला वारशाने मिळाली आहे. पण त्या काळी वेदना शमवण्याची साधने जवळजवळ नव्हतीच. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयसुद्धा १८८६ सालचे.

आज हाडाच्या कर्करोगाने किंवा पूर्ण जखडलेल्या कमरेने तळमळणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर दयामरण सुचवतात, आणि आपल्यातील बहुतेक घरे नाही म्हणतात. त्या प्रश्नाचा निकाल हा स्तंभ देणार नाही. तो त्या घराचा आणि त्यांच्या श्रद्धेचा आहे. मात्र नाही म्हणणाऱ्या घरावर एक जबाबदारी येते आणि ती पूर्णवेळची असते. ‘आम्ही त्याला जाऊ देणार नाही’ एवढे सांगून थांबता येत नाही. ‘तो असेपर्यंत त्याला दुखू नये म्हणून काय काय देता येईल?’ हे डॉक्टरांना पुढच्याच वाक्यात विचारावे लागते. एका औषधाने भागत नसेल तर दोन-तीन निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र देता येतात. नसांच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, त्याहून तीव्र वेदनेसाठी अफूवर्गातील औषधे पशुवैद्याकडे असतात. कर्करोगाने पोखरलेला पाय काढून टाकणे ऐकायला क्रूर वाटते, परंतु पुष्कळ कुत्री तीन पायांवर आठवडाभरात सावरतात, कारण दुखणारी वस्तूच गेलेली असते. उठू न शकणाऱ्या कुत्र्याला दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा; नाहीतर हाडांच्या टोकांवर जखमा होतात. ओले झालेले अंग लगेच पुसून कोरडे करावे लागते, पाणी चमच्याने पाजावे लागते. हे काम एकट्या सूनबाईंवर पडू नये. घरात चार माणसे असतील तर चौघांच्या पाळ्या लावाव्यात, औषधाच्या वेळा रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहाव्यात, आणि ज्याने मात्रा दिली त्याने आपली सही करावी, म्हणजे दोनदा दिली जाणार नाही आणि चुकणारही नाही.